तुम्ही विचारलेत म्हणून: महाविद्यालयात स्पॅनिश कोणत्या वर्गापासून घ्यावे?

शाळेत दोन-तीन वर्षे स्पॅनिश झालेले आहे, मग महाविद्यालयात पुन्हा पहिल्या वर्गापासून सुरुवात करावी की थेट पुढच्या वर्गात बसावे, हा प्रश्न मला येथे वडोदऱ्यात दर उन्हाळ्यात विचारला जातो, कारण मी या भाषेच्या खासगी शिकवण्या घेते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या जुळणीचा टाटा आणि एअरबस यांचा कारखाना येथे सुरू झाला, उद्घाटनाला स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ स्वतः आले, आणि ५६ विमानांपैकी १६ स्पेनमधून तयार होऊन येणार व ४० आपल्या गावात बांधली जाणार ही बातमी घरोघरी पोहोचली. तेव्हापासून विचारणारे वाढले आहेत. (त्या कारखान्यात स्पॅनिशच्या जोरावर नोकरी लागेल, असे मी कोणालाही सांगत नाही.)

माझे उत्तर असे आहे की, विद्यार्थ्याला कोणाच्या मदतीशिवाय जेवढे लिहिता-बोलता येते तेथून सुरुवात करावी. जेवढे वाचून समजते तेथून करू नये. या दोहोंत पुष्कळदा एका संपूर्ण पातळीचे अंतर असते, आणि मराठी घरातल्या मुलांच्या बाबतीत ते अधिकच असते, असे माझे निरीक्षण आहे.

त्याचे कारण व्याकरणात आहे. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत भाषेच्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा पातळ्या आहेत, आणि बहुतेक स्पॅनिश पाठ्यपुस्तके त्याच क्रमाने चालतात. ए१ मध्ये वर्तमानकाळ, ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे आणि आवडीनिवडी सांगणे येते. ए२ मध्ये भूतकाळ येतो. बी१ मध्ये इच्छा, शंका, अपेक्षा व्यक्त करणारी ‘सुबखुंतिवो’ ही रूपे सुरू होतात. आता ‘मे गुस्ता एल मांगो’ (मला आंबा आवडतो) या वाक्यात क्रियापद खाणाऱ्याच्या नव्हे तर आंब्याच्या मागे जाते आणि आंबे अनेक झाले की ‘गुस्तान’ होते, ही गोष्ट इंग्रजीच्या वळणाने विचार करणाऱ्याला फार काळ छळते. ‘मला आंबा आवडतो, आंबे आवडतात’ असे जन्मापासून बोलणाऱ्या, आणि गल्लीत गुजरातीतही त्याच घडणीची वाक्ये ऐकणाऱ्या मुलाला मात्र ती समजावूनही सांगावी लागत नाही. भूतकाळाचेही तसेच आहे. ‘फुई’ आणि ‘ईबा’ यांतला फरक ‘गेलो’ आणि ‘जायचो’ यांनी बराचसा उलगडतो. म्हणून आमची मुले धडा झपाट्याने समजून घेतात आणि ए२ झाले असे मानून मोकळी होतात. परंतु ‘तेनेर’चे (जवळ असणे) भूतकाळी ‘तुवे’ होते आणि ‘आसेर’चे (करणे) ‘इसे’ होते, हे समजण्यासारखे नसून पाठ करून, लिहून आणि बोलून हाताखालून जावे लागते. तेथे मातृभाषा उपयोगी पडत नाही.

पालक अशा वेळी प्रमाणपत्र पुढे करतात. शाळेच्या गुणपत्रिकेविषयी मी बोलणार नाही, पण डेले ही स्पॅनिशच्या पातळीचे प्रमाणपत्र देणारी सर्वमान्य परीक्षासुद्धा येथे पुरेशी नाही. ए१ आणि ए२ च्या डेलेमध्ये वाचन व लेखन यांचा एक गट आणि श्रवण व संभाषण यांचा दुसरा गट असतो, आणि प्रत्येक गटात ५० पैकी ३० गुण मिळाले की उत्तीर्ण होता येते. म्हणजे वाचनात २५ पैकी २४ आणि लेखनात केवळ ७ गुण मिळवणारा विद्यार्थीही त्या गटात उत्तीर्ण ठरतो. डेलेचे प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही, हे खरे. मात्र त्यामागची भाषा दोन वर्षांत गंजू शकते.

त्यापेक्षा घरच्या घरी एक काम करावे. फोन बाजूला ठेवून, कोरा कागद घेऊन, मागच्या दिवाळीच्या सुटीत काय काय झाले ते अर्ध्या तासात पानभर लिहावे. घडलेल्या गोष्टी आणि त्या वेळची परिस्थिती यांसाठी वेगवेगळे भूतकाळ बहुतांशी बरोबर वापरले गेले असतील, तर ए२ पूर्ण झालेले आहे आणि बी१ च्या वर्गात बसण्यास हरकत नाही. भूतकाळाची रूपेच आठवत नसतील, पण वर्तमानकाळात घराचे, शहराचे वर्णन सहज जमत असेल, तर ए२ पासून. तेही अडखळत असेल, तर पहिला वर्ग. मोबाइलच्या अ‍ॅपवर रोज शिकलेली मुले बहुधा या तिसऱ्या गटात निघतात, कारण दिलेल्या पर्यायांतून निवडण्याची सवय कोऱ्या कागदावर कामास येत नाही.

याचा अर्थ शंका आली की खालीच बसावे, असा नाही. गुण सोपे मिळतील म्हणून ए१ मध्ये बसणारे हुशार विद्यार्थी दरवर्षी दिसतात. पहिले सत्र ते अभ्यासाविना काढतात, आणि दुसऱ्या सत्रात, नेमके भूतकाळाच्या प्रकरणाशी, शून्यापासून आलेली पण नियमाने अभ्यास करणारी मुले त्यांना मागे टाकतात. स्पॅनिशमध्येच पदवी घ्यायची असेल आणि दोन पातळ्यांमध्ये खरोखर संशय असेल, तर खालची निवडावी, कारण पुढे साहित्य वाचताना पाया कच्चा राहिलेला भोवतो. एक-दोन सत्रांचाच ऐच्छिक विषय असेल, तर मात्र वरची घ्यावी. अन्यथा विद्यार्थी जेथून निघाला तेथेच येऊन थांबेल.

स्पेनचे स्पॅनिश घ्यावे की मेक्सिकोचे, असेही विचारले जाते. प्रारंभी त्याने फारसे बिघडत नाही. पुस्तक जे शिकवील ते शिकावे.

प्रवेश घेण्यापूर्वी विभागात दोन गोष्टी विचाराव्यात: पुढच्या वर्गाचे पुस्तक कोणते, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत वर्ग बदलता येतो का. पुस्तक मिळाले की त्याच्या पहिल्या धड्यातल्या सूचना वाचून पाहाव्यात, कारण अशा पुस्तकांत सूचनाही बहुधा स्पॅनिशमध्येच असतात. काही ठिकाणी सर्वांना शून्यापासूनच सुरुवात करावी लागते. तेथे वाद न घालता प्रवेश घ्यावा आणि मोकळ्या राहिलेल्या वेळात पुढच्या पातळीच्या डेलेची तयारी करावी, त्यातही लेखनाची आधी.