ट्रायपॉडची निवड : खालच्या नळीपासून वर

नवा ट्रायपॉड घ्यायचं ठरलं तेव्हा दोनच अटी होत्या. मोटरसायकलवरून जाताना पाठीवरच्या सॅकमध्ये मावला पाहिजे, आणि कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावरच्या वाऱ्यात २०० मिमीची लेन्स लावूनसुद्धा स्थिर राहिला पाहिजे. या दोन अटी एकमेकींच्या विरोधात जातात. उन्हाळ्यापासून त्यांची सांगड घालायचा खटाटोप चालला आहे. तो आता बऱ्यापैकी जमला, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

कागदावरचे आकडे

खोक्यावर ‘वजनक्षमता ८ किलो’, ‘१२ किलो’ असं छापलेलं असतं. निवड करताना मी तो आकडा पूर्ण बाजूला ठेवला. तो मोजायची सगळ्या कंपन्यांना लागू असलेली एक पद्धत नाही, आणि ट्रायपॉड मोडत नाही म्हणजे तो थरथरत नाही असंही नाही. आपला फोटो बिघडतो तो थरथरीने.

मी आधी खालच्या नळीची जाडी बघतो. पायाची सगळ्यात वरची नळी २८ मिमी असेल तर पुढची प्रत्येक नळी साधारण ३ मिमीने बारीक होत जाते. चार टप्प्यांच्या पायात शेवटची नळी १९ मिमीच्या आसपास येते, पाच टप्प्यांत १६ वर. फरक छोटा वाटतो, पण भिंतीची जाडी सारखी धरली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १९ ची नळी १६ च्या तुलनेत दीडपटीहून जास्त ताठ. पाच टप्पे घेतले की घडी आखूड होते, पण ती किंमत या बारीक नळीने मोजावी लागते. माझ्या सॅकमध्ये ४८ सेंमीची घडी आरामात बसते, त्यामुळे चार टप्प्यांवर थांबलो.

उंचीचं गणित मधला दांडा, म्हणजे तीन पायांच्या मधून वर सरकणारी नळी, न उचलता करायचं. माझी उंची १७० सेंमी, डोळे साधारण १५८ वर. त्यातून हेडचे (पायांवर बसणारा, कॅमेरा धरणारा भाग) १० आणि व्ह्यूफाइंडरपर्यंतचे १० वजा केले की पाय १३८ सेंमी लागतात. मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणाऱ्याला १२५ सुद्धा पुरतात. जाहिरातीतली कमाल उंची दांडा पूर्ण वर काढून सांगितलेली असते. तो वर काढला की तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखं होतं.

कार्बन की अॅल्युमिनियम

१९९४ मध्ये गित्झो या ट्रायपॉडच्या कंपनीने कार्बन फायबरचे पाय आणले, आणि तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. कार्बन हलका असतो आणि त्यातली थरथर लवकर विरते, यात शंका नाही. पण माझं बजेट ठरलेलं होतं. त्याच पैशात बारीक नळीचा कार्बन किंवा जाड नळीचं अॅल्युमिनियम, असे दोन पर्याय होते. मी जाड अॅल्युमिनियम घेतलं. बॉलहेडसकट (गोळ्यावर फिरणारं हेड) वजन २ किलोच्या आसपास भरतं. तेवढ्याच जाडीचा कार्बन घेतला असता तर तीन-चारशे ग्रॅम वाचले असते. शिवाय सड्यावर, म्हणजे पठारावरच्या उघड्या कातळावर, जांभ्याच्या धारदार कडांवर पाय आपटले तर अॅल्युमिनियमला पोचा पडतो, कार्बनला तडा जाण्याची भीती असते.

लॉक फिरवायचे घेतले. तीनही लॉक एका मुठीत धरून अर्धा वेढा दिला की पाय मोकळा होतो आणि सॅकमधून काढताना काही अडकत नाही. क्लिपच्या लॉकचा एक फायदा मात्र मान्य आहे : अंधारात नुसत्या बोटांनी कळतं की लॉक लागला की नाही.

दुकानात काय करून बघितलं

सगळे पाय पूर्ण उघडले, दांडा खाली ठेवला, हेड दोन्ही हातांत धरून डावी-उजवीकडे पिळून बघितलं. कुठे सैलपणा आहे ते लगेच हाताला कळतं. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत पाय ठीक असतात, पण तीन पाय जिथे एकत्र येतात तिथला सांधा हलतो. तिथे हलला तर पुढे काही बघायची गरज नाही.

कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडच्या क्लॅम्पमध्ये बसवायच्या प्लेटचं माप सर्रास चालणाऱ्या अर्का-स्विस पद्धतीचंच घ्या, म्हणजे ३८ मिमी रुंद. निरनिराळ्या कंपन्यांच्या प्लेटांत थोडासा फरक असतो, म्हणून खटक्याच्या क्लॅम्पपेक्षा स्क्रूने आवळायचा क्लॅम्प मला खात्रीचा वाटतो.

रंकाळ्यावरची चाचणी

सूर्य मावळल्यावर रंकाळा तलावाच्या चौपाटीवरून पलीकडच्या शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावरचं घड्याळ २०० मिमीवर धरलं. स्क्रीनवर दहापट मोठं करून पायाला टिचकी मारायची आणि काटे कधी स्थिर होतात ते बघायचं. दांडा वर असताना काटे बराच वेळ नाचत राहतात, खाली घेतला की चटकन थांबतात. शटर १/१५ ते १ सेकंद या पट्ट्यात फरक सगळ्यात जास्त दिसतो. ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये सुरुवातीची थरथर एकूण वेळेच्या मानाने नगण्य असते, म्हणून तिथे साधा ट्रायपॉडही चांगला वाटतो. तुमचा ट्रायपॉड तपासायचा असेल तर अर्ध्या सेकंदावर तपासा. दोन सेकंदांचा टायमर लावा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, आणि कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा. वाऱ्यात फडफडणारा पट्टा सगळी मेहनत घालवतो.

उद्यमनगरातला ठोकळा

या सगळ्यात मला सर्वांत आनंद देणारं काम हे. दांडा वापरायचाच नाही तर तो वाहायचा कशाला? त्याच्या जागी एक आखूड ठोकळा बसवायचा, असं मनात आलं. ज्या कोल्हापुरात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतः मूव्ही कॅमेरा घडवला, तिथे अॅल्युमिनियमचा एक ठोकळा लेथवर काढून घेणं काही अवघड नव्हतं. दांडा आणि कागदावर पेनने काढलेलं चित्र घेऊन उद्यमनगरातल्या लेथच्या कारखान्यात गेलो. टर्नर मामांनी चित्र उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, “दोन सुताचं पाहिजे का तीन सुताचं, ते आधी सांगा की.”

कॅमेऱ्याच्या खालचा स्क्रू १/४ इंच, म्हणजे दोन सूत, इंचाला २० आटे. हेड ज्यावर बसतं तो ३/८ इंच, म्हणजे तीन सूत, इंचाला १६ आटे. हे आटे पाडायचे टॅप तिथल्या प्रत्येक खोक्यात असतात. मामांनी व्हर्नियरने दांड्याचा व्यास मोजला, ठोकळा त्याच मापाला उतरवला, वर रुंद कॉलर ठेवली, वरच्या बाजूला तीन सुताचा स्टड आणि खाली हुकासाठी दोन सुताचे आटे पाडले. बसवताना ठोकळा हातानेच सरकत खाली गेला आणि कुठेही हलला नाही. नाद खुळा काम!

आता हेड थेट सांध्यावर बसतं. घड्याळाच्या चाचणीत दांडा खाली घेतल्यापेक्षाही काटे लवकर थांबतात, आणि पाय पसरले की कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर येतो.

मसाई पठार आणि घाट

पावसाळ्याच्या शेवटी पठारावरच्या फुलांसाठी ही बुटकी उंचीच उपयोगी पडली. वारा जोरात होता. खालच्या हुकाला सॅक लोंबकळत ठेवली तर तीच झोका घेते आणि ट्रायपॉड हलवते. सॅकचा तळ जमिनीला टेकेल इतकी खाली बांधली तेव्हा पाय घट्ट बसले. जांभ्यावर रबरी टोकं चांगली पकड घेतात, ओल्या मातीत मात्र ती हळूहळू रुततात, म्हणून पाय आधीच दाबून घ्यावे लागतात.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर वेगळी अडचण असते. पणत्यांमधून वाट काढत लोक चालत असतात, आणि पसरलेला पाय कुणाच्याही पायात येऊ शकतो. दोन पाय वरच्या पायरीवर आखूड ठेवून तिसरा खालच्या पायरीवर लांब काढला, म्हणजे पसारा कमी होतो आणि पुढे कलत नाही. खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचं वरचं आकाशाकडे उघडं असलेलं वर्तुळ टिपायचं मनात आहे, पण ते मंदिर पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथे ट्रायपॉडसाठी आधी परवानगी काढावी लागते, त्यामुळे ते परवानगीनंतर.

पुढचं काम

घाटावरून आल्यावर खालचे लॉक उघडले तेव्हा आट्यांत बारीक गाळ होता. पाय साध्या पाण्याने धुवून, सुटे करूनच वाळत घातले, आट्यांना ग्रीसचं पातळ बोट लावलं. मे अखेरीला राधानगरीत काजवे निघतील. तिथे एकाच चौकटीत तासभर फोटो काढून ते एकावर एक बसवायचे असतात, म्हणजे पाय केसभरही सरकून चालणार नाही, आणि जंगलातली जमीन पालापाचोळ्याने भुसभुशीत असते. त्यासाठी मामांकडून लोखंडी टोकं करून घेतो आहे. रबरी टोकं आट्यांवर फिरवून काढायची आहेत, त्यामुळे काम सोपं आहे. लांबी किती ठेवावी यावर कुणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा. मी सध्या ५ सेंमी धरून चाललो आहे.