तासगावचा रथ, पोरंबाळं आणि म्हातारी माणसं: माझा अनुभव

ऋषिपंचमीला दुपारी सांगली जिल्ह्यातल्या तासगावात गणपतीचा रथ निघतो. गणपती मंदिरातून काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत जातो आणि परत येतो. ना बैल, ना इंजिन. माणसंच दोरखंड धरून ओढतात. उजव्या सोंडेचा गणपती, मंदिराचं सात मजली गोपूर, वर गुलाल आणि पेढ्या-खोबऱ्याची उधळण. हे सगळं पोरांनी डोळ्यांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून दरवर्षी दोन लहान मुलं आणि घरातली मोठी माणसं घेऊन मी जाते. आता त्याची एक घडी बसली आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उभं कुठे राहायचं. बहुतेक लोक वळणावर उभे राहतात, कारण तिथून रथ समोरून येताना दिसतो. घरच्यांना घेऊन वळणावर थांबू नका. दोरखंड सैल असतो तोवर तो रस्त्याच्या वळणाप्रमाणे जमिनीवर पडलेला असतो. पुढून ओढ बसली की तो सरळ रेषेत ताणला जातो आणि वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो. त्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्यांच्या पोटऱ्यांवर, मांड्यांवर तो येतो. मागे भिंत असली तर माणसाला सरकायला जागाच राहत नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा धोका वेगळा. इतका मोठा रथ झटकन वळत नाही. त्याला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. चाकाखाली लाकूड सारून, मागेपुढे करत तो हळूहळू वळवायचा, आणि तेवढ्या वेळात तो बाहेरच्या कडेला बराच रेटला जाऊ शकतो.

म्हणून आम्ही सरळ रस्त्याचा तुकडा धरतो, आणि तोही जिथे एखादी बोळ फुटते तिथे. पाठीशी बोळ असली की मागे निघता येतं. बंद शटर किंवा लांबलचक भिंत पाठीशी नको. दुकानाची उंच पायरी मिळाली तर उत्तम, पण गटारावरच्या फरशीवर दहा-बारा जण उभे राहिलेले दिसले तर तिथे जाऊ नका. ती फरशी एवढ्या वजनासाठी घातलेली नसते. गच्चीवर ओळखीच्यांनी बोलावलं तर कठडा आधी हाताने हलवून पाहते, आणि मुलांना कठड्यावर बसू देत नाही. लोंबत्या तारांना हात पोचेल अशा गच्चीवर तर जायचंच नाही.

दोराला हात लावायची इच्छा सगळ्यांचीच असते, आणि लावावाच. मुलांना मी रथ थांबलेला असतानाच लावू देते. हात लावायचा, नमस्कार करायचा, लगेच कडेला यायचं. मोठ्या माणसाला ओढायचंच असेल तर रथापासून लांब, पुढच्या टोकाकडे, आणि दोराच्या बाहेरच्या अंगाला राहून. दोन दोरांच्या मधे पाय अडखळला तर मागून चाक येतं, आणि पुढे ओढणाऱ्या शेकडो लोकांना तुम्ही पडल्याचं कळतही नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही. मनगटात कडं, बोटात खडा असलेली अंगठी असेल तर आधी काढून ठेवा. ताण बसला की ती दोराच्या पिळात अडकते.

रथ समोरून गेला की लोकांना वाटतं, झालं. खरी चेपाचेपी तिथूनच सुरू होते. दोन्ही कडांची माणसं एकदम रस्त्याच्या मधे येतात, कुणी रथामागे धावतं, कुणी उलट दिशेला निघतं. रथ पुढे गेल्यावर आम्ही १५ मिनिटं जागचे हलत नाही. गर्दीचा अंदाज घ्यायची माझी खूण साधी आहे. हात छातीशी आणता येतो का? येत असेल तर ठीक. चारही बाजूंनी अंगाला अंग लागलं आणि आपण न चालताच सरकायला लागलो, तर तिथून निघायची वेळ झाली. तेव्हा लोंढ्याच्या उलट जोर लावायचा नाही. दोन्ही हात छातीसमोर कोपरात वाकवून श्वासापुरती जागा ठेवायची आणि रेटा जरा ओसरला की तिरकं तिरकं कडेला सरकायचं. मूल कडेवर घ्यायचं, खांद्यावर नाही. खांद्यावर बसलेल्या मुलामुळे आपला तोल वरून जातो.

पायात मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट. स्लीपर नको. ती पायातून निघते आणि माणूस ती उचलायला वाकतो. गर्दीत वाकणं म्हणजे पडणं. भाद्रपदातली सर, त्यावर गुलाल, पायाखाली पेढे, खोबरं, नारळाचं पाणी, यांनी डांबरी रस्ताही निसरडा होतो. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत जी चेंगराचेंगरी झाली, तिच्याही सुरुवातीला नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या होत्या. उताराला आणि पायऱ्यांवर मी घरच्यांना थांबू देत नाही ते यासाठीच. खाली पडलेला पेढा वेचायला वाकायचं नाही, हे मुलांना घरूनच सांगून ठेवायचं.

घरून निघतानाच प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यातला, पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढते. मूल चुकलं तर घाबरलेल्या माणसाला शर्टाचा रंगही आठवत नाही. मोबाईल नंबर तळहातावर लिहू नका, घामाने जातो. दंडावर, बाहीच्या आत, मार्करने लिहा आणि बाही वर करून दाखवायला मुलाला शिकवा. नाव मात्र बाहेरून दिसेल असं कुठेही लिहायचं नाही. नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल पटकन विश्वास ठेवतं. एका मोठ्या माणसाकडे एकच मूल, आणि कुणाकडे कोण हे नावानिशी ठरलेलं. ‘सगळे बघताहेत’ म्हणजे कुणीच बघत नाही. चुकल्यावर भेटायची जागा मंदिराचं दार नसावी, कारण तिथे सगळं गावच असतं. रथाच्या वाटेवर नसलेलं, मुलाला ओळखता येईल असं एखादं दुकान ठरवा. गर्दीत फोन लागत नाही, पण एसएमएस बऱ्याचदा पोचतो. तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर सगळ्यांना पाठ हवेत.

गुलालासाठी घरूनच केसांना, कानामागे, मानेला खोबरेल लावायचं. डोळ्यांना साधा चष्मा चालतो, कॉन्टॅक्ट लेन्स नको. डोळ्यात गेलाच तर चोळायचा नाही. मान त्याच डोळ्याच्या बाजूला कलती करून नाकाकडून बाहेरच्या बाजूला स्वच्छ पाण्याची धार सोडायची, म्हणजे घाण दुसऱ्या डोळ्यात जात नाही. दम्याच्या माणसाचा पंप पिशवीत नाही, खिशात हवा.

छत्री नको, काड्या लोकांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, रेनकोट घ्या. माणशी अर्धा लिटर पाणी, ओआरएसचं एखादं पाकीट. तान्ह्या बाळाला ढोल-ताशाजवळ नेऊ नका. म्हाताऱ्यांना रथ निघायच्या बऱ्याच आधी आत बसवायचं आणि गर्दी ओसरल्यावरच बाहेर काढायचं. गाडी गावाबाहेर, तोंड रस्त्याकडे करून लावायची.

घरी आल्यावर लगेच अंगावर पाणी ओतू नका. ओला झाला की गुलाल रंग धरतो. अंगणातच कपडे झटकायचे, कोरड्या फडक्याने केस-मान पुसायची, मग तेलाचा हात, मग बेसन, आणि सगळ्यात शेवटी पाणी. मुलांचे कान बाहेरूनच पुसायचे, आत काडी घालायची नाही. कपडे दोन दिवस वेगळे भिजवायचे.