मोडीत न निघालेला पुठ्ठा

संक्रांत उलटली की रामबागेतल्या आमच्या मंडळाला स्नेहसंमेलनाचे वेध लागायचे. सकाळी संगीत खुर्ची, मग पोहे. इंदूरचे पोहे, म्हणजे वर शेव आणि जिरावण आलंच, शेजारी जिलबी. पुण्याहून आलेले पाहुणे जिरावणाला 'हे काय मसाल्यासारखं' म्हणायचे आणि आमच्या हिंदीमिश्रित मराठीला हसायचे. संध्याकाळी नाटुकली.

मी सातवीत असताना आमच्या इतिहासाच्या सरांनी मराठीचं व्याकरण लिहिणाऱ्या विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्यावर नाटुकली बसवली. "मराठी मंडळात मिशनरी कशाला?" एक काका तालमीत येऊन विचारून गेले. सर म्हणाले, "व्याकरण लिहिणाऱ्याचं गोत्र विचारत नाहीत." केरी झालो मी, कारण रंगाने गोरा.

पहिल्या प्रवेशात मी बूट शिवत बसायचो. केरी मूळचा इंग्लंडमधल्या खेड्यातला चांभार, हातात आरी आणि समोर उघडं पुस्तक. १७९३ साली तो बायकापोरांसकट बंगालला आला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून पुढे १८०० मध्ये त्याने कलकत्त्याजवळच्या, डॅनिश लोकांच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला बस्तान हलवलं आणि तिथे छापखाना उभा राहिला.

सरांच्या संहितेत त्याची बायको डोरोथी नव्हतीच. कपडेपट सांभाळणाऱ्या काकू अडून बसल्या. आधी यायला तयार नसलेली, शेवटी तान्हं बाळ घेऊन बोटीत चढलेली बाई. वर्षभरातच पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला आणि तिचं डोकं फिरलं ते फिरलंच. १८०७ मध्ये ती श्रीरामपुरातच वारली. "हा शब्द जमवत बसला आणि ती पलीकडच्या खोलीत ओरडत होती, ते कोण दाखवणार?" काकूंनी प्रवेश घालायला लावला. संवाद एकही नाही. काकू स्वतःच मळकट शाल गुंडाळून विंगेच्या कडेला बसल्या आणि रिकामं झबलं घडी करत राहिल्या, घडी मोडत राहिल्या. माझ्या मोठमोठ्या भाषणांपेक्षा लोकांना तेच लक्षात राहिलं. काकूंचंच बरोबर होतं, असं आता वाटतं.

मला टाळ्या मिळाल्या त्या व्याकरणाच्या प्रवेशाला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना बंगाली, संस्कृत आणि मराठीही शिकवायचा. मराठी पंडित होते वैजनाथ शर्मा, त्यांच्याच मदतीने व्याकरण झालं. ते छापून आलं १८०५ साली. सर विंगेतून ओरडले, "आणि त्याच वर्षी आपले यशवंतराव होळकर याच कंपनीशी झुंजत होते!" हे वाक्य खरं तर सूत्रधाराचं, पण तो विसरला होता. कंपनीला मराठी का शिकायची होती, ते सांगायची मग गरजच उरली नाही.

छापखान्याच्या देखाव्यासाठी आम्ही मोठ्या पुठ्ठ्यावर देवनागरी अक्षरं रंगवली होती. होळकरी दप्तरातले कागद वाचणारे एक आजोबा होते आमच्यात. ते काठी टेकत आले नि म्हणाले, "त्याचा १८१० चा मराठी कोश मोडीत आहे रे, बालबोधीत नाही." त्यांनी पुठ्ठा उलटा केला, बोरू मागवला. बोरू कुठला मिळायला! शेवटी रंगाचा ब्रश घेऊन त्यांनी हात न उचलता सहा ओळी ओढल्या. आम्हाला एक अक्षर लागलं नाही. छापखान्याला लागलेल्या १८१२ च्या आगीच्या प्रवेशात हाच पुठ्ठा जाळायचा ठरला होता (त्या आगीत केरीची किती हस्तलिखितं गेली!), पण आजोबांच्या अक्षराला काडी लावायला कुणी धजेना. लाल जिलेटीन कागद हलवून भागवलं.

गेल्या संमेलनाला मंडळात गेलो, तर तो पुठ्ठा दारातच दिसला. मोडीची बाजू भिंतीकडे. देवनागरीच्या बाजूवर पांढरा कागद चिकटवून कुणीतरी मार्करने लिहिलं होतं: 'चपला येथे काढाव्यात.'