पुढची चाकं ओढतात का?

डेन्व्हरच्या आसपास सेकंडहँड गाड्या तपासून देणं हे माझं काम. गिऱ्हाईक पत्ता पाठवतं, मी जाऊन गाडीखाली शिरतो, फोटो काढतो, आणि घ्या किंवा सोडा एवढं सांगतो. बहुतेक दिवस गंजलेला सायलेन्सर आणि ठोकून रंगवलेला दरवाजा यांतच जातात.

मार्चच्या पहिल्याच शनिवारी सकाळी फोन आला. "सर, तुम्ही मराठी ना?" मुलगा साताऱ्याकडचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. ऑरोरातल्या एका डीलरकडे त्याला पिकअप आवडली होती. टोयोटा टकोमा, 2019चं मॉडेल, टेक्ससवरून आलेली. "ऑफ-रोड पॅकेज आहे सर. उन्हाळ्यात इमोजीन पास करायचाय." इमोजीन म्हणजे कोलोराडोतल्याच यूरे आणि टेल्युराइड या गावांच्या मधला घाट. माथा 13,114 फुटांवर, रस्ता म्हणजे नुसते दगड. बेत ऐकून मलाही बरं वाटलं.

पोचलो तर नवराबायको दोघंही हजर. बायकोच्या हातात मोबाइल, मोबाइलवर सासरे. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले, काका जेवून खाटेवर बसलेले. "दाखव गं गाडी सगळीकडनं," म्हणत होते.

गाडी देखणी होती यात वाद नाही. उंच, जाड टायर, मागच्या हौद्याच्या दोन्ही बाजूंना टीआरडी ऑफ-रोडचा स्टिकर. टीआरडी म्हणजे टोयोटाचा शर्यतीच्या गाड्यांचा विभाग. आता या टकोमात टीआरडी नावाची तीन भावंडं आहेत: स्पोर्ट, ऑफ-रोड आणि प्रो. स्पोर्टच्या बॉनेटवर हवा ओढायची खिडकी असते, पण ती मुकी. आत हवा जातच नाही. मागे लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारा लॉक, नसतो, रिम 17 इंची. ऑफ-रोडला रिम उलट लहान, 16 इंची, म्हणजे टायरची भिंत जाड आणि दगडावर हवा कमी करून चालवायला बरी. बिलस्टीनचे शॉकअप आणि मागच्या डिफला, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याला, बटणावर लागणारा तो लॉक. प्रोला फॉक्सचे शॉकअप आणि पुढून थोडी जास्त उंची. किंमतही अर्थात उंच. माझ्या पहिल्या वर्षी मी एका माणसाला बॉनेटची खिडकी बघून स्पोर्टलाच 'ऑफ-रोडवाली' म्हणून पास केलं होतं. ते अजून टोचतं, म्हणून आता स्टिकरवर विश्वास ठेवत नाही, खाली जाऊन खात्री करतो.

चटई टाकून मागून शिरलो. पाटे सरळ, शॉकअपवर बिलस्टीनचं नाव अजून वाचता येत होतं, डिफच्या हाऊसिंगवर लॉकरची मोटर, तिची वायर शाबूत. टेक्ससची गाडी, त्यामुळे गंज नावाला नाही. स्टिकर खरा होता. बाहेर येऊन अंगठा दाखवणारच होतो, पण सवयीने पुढूनही एकदा शिरलो.

फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या अशा पिकअपला पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला रबरी बूट चढवलेला जाडजूड दांडा असतो. दोन चाकांना दोन, मध्ये पुढचा डिफ. तिथून मला सरळ पलीकडच्या गाडीचे टायर आणि वितळलेल्या बर्फाचं डबकं दिसत होतं. दांडा नाही, डिफ नाही. गिअरबॉक्समागे ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद पाठवणारी पेटी, नाही, पुढे येणारा शाफ्ट नाही. मी क्षणभर तसाच पडून राहिलो. मग उठून डॅशबोर्ड बघितला. फोर-बाय-फोर लावायचा गोल खटका असायला हवा, तिथे कोरं प्लास्टिक. आणि तो स्टिकर! फोर-बाय-फोर गाडीच्या स्टिकरवर ऑफ-रोडसोबत '4x4' असंही छापलेलं असतं. याच्यावर ते नव्हतंच. मी दोनदा त्याच्या शेजारून गेलो होतो.

सेल्समन म्हणाला, ऑफ-रोड म्हणजे फोर-बाय-फोरच ना? काचेवर त्याने तसं लिहूनही ठेवलेलं. फसवत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याला काय दोष द्यायचा? पॅकेज वेगळं आणि ड्राइव्ह वेगळी, हे किती जणांना माहीत असतं? फोर्डच्या पिकअपचं एफएक्स-फोर नावाचं ऑफ-रोड पॅकेज फोर-बाय-फोरवरच मिळतं, त्यामुळे माणसाचा समज पक्का होतो. टोयोटाने 1998 मध्ये प्रीरनर काढली, ती फोर-बाय-फोरएवढी उंच पण दोनच चाकांवर ओढणारी. मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटी शर्यतीत स्पर्धक रस्ता आधी धुंडाळून येतात, त्यावरून ते नाव. ही गाडी त्याच वळणाची. टेक्ससच्या सपाट रानात चालून जाते. यूरेच्या उतारावर नाही.

मुलगा मानायला तयार नव्हता. "पण सर, लॉकर आहे ना? दोन्ही चाकं फिरतील."

मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात मोबाइलमधून काका बोलले, "लॉकर म्हंजे ट्रॅक्टरचं टाचंखालचं पेडल, तेच ना? एक चाक चिखलात फिराय लागलं की दाबतो ते?"

"तेच काका."

"मग पुढची चाकं ओढत्यात का नुसती गाडीसंगं येत्यात?"

"नुसती येतात."

"म्हंजे टू-व्हीलच ट्रॅक्टर हाय. चढाला पुढचं हलकं पडनार."

मी अर्धा तास घेतला असता, काकांनी दोन वाक्यांत उरकलं. मी भर घातली ती एवढीच, की खरी अडचण उतरताना आहे. ट्रान्स्फर केस नाही म्हणजे लो रेंज नाही. लो रेंजला गिअर सुमारे अडीच पट खाली जातो आणि इंजिनच गाडी धरून ठेवतं. तो नसला की सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेले ब्रेक घेऊन तिथे कोणी उतरू नये. युटातल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या व्हाइट रिम रस्त्यावर तर उंच आणि लो रेंजवाली फोर-बाय-फोर असल्याशिवाय गाडी न्यायला परवानगीच नाही.

सेल्समनने मार्कर काढून काचेवरचं '4x4' खोडलं. मग शेजारच्या रांगेकडे बोट केलं. तिथे राखाडी टकोमा उभी होती, स्पोर्ट. मी परत चटई पसरली. पुढे दोन्ही दांडे, बूट न फाटलेले, ट्रान्स्फर केस, डॅशवर गोल खटका. लॉकर नव्हता, पण इमोजीनला कोरड्या दिवशी, नीट टायर घालून, मी स्वतः हीच नेली असती.

"पण सर, हिच्यावर ऑफ-रोड लिहिलेलं नाही," मुलगा म्हणाला. त्याची बायको हसायला लागली. तिने मोबाइल बॉनेटसमोर धरला.

"त्ये टोपडं कशाला बसवलंय?" काका म्हणाले. "हवा जाती का आत?"

"नाही काका. बंद आहे."

"मग?"

दुसऱ्या गाडीची मी निम्मीच फी लावली.