दिवाळी अंकाची वही : फेब्रुवारी ते जून

२७ फेब्रुवारी

कुसुमाग्रजांच्या जयंतीला वही उघडायची, हा आमच्या नवोदित लेखकांच्या कट्ट्याचा शिरस्ता. त्यात भावनेपेक्षा हिशेब जास्त आहे. दिवाळी अंक हातात येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पण त्यातल्या बहुतेक कथा जून-जुलैत ठरतात. ऑगस्टात जुळणी (मजकूर पानांत बसवणं), चित्रं आणि मुद्रितशोधन, सप्टेंबरात छपाई. म्हणजे गणपतीत सुचलेली कथा ही पुढच्या वर्षाची कथा.

यंदा (२०२६) अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. दिवाळी लांबली म्हणजे साहित्य मागवायची तारीखही लांबणार, असं कुणी धरून चालू नये. काही अंक चार दिवस जास्त देतील, पण आपली तारीख ३० जून.

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही एक गोष्ट आपल्या भाषेत टिकून आहे : वर्षातून एकदा, एकाच पंधरवड्यात, शेकडो अंकांना कथा-कविता लागतात. नवख्या माणसाला एवढी दारं एकदम उघडी क्वचितच मिळतात. ती चुकतात ती बरेचदा कथा वाईट म्हणून नव्हे. लांबी बसत नाही, फाइल उघडत नाही, किंवा रहस्यकथा ललित अंकाकडे गेलेली असते. म्हणून या वहीत लिहिण्याइतकीच जागा पाठवण्याला आहे.

वहीचे रकाने : क्रमांक, शब्दसंख्या, कुठे, पाठवल्याची तारीख, पोच, निकाल, मानधन, लेखक-प्रत. शेवटचे दोन रकाने लाजून वगळू नका.

हाताशी असलेलं : क्र. १ सामाजिक कथा, ४,६०० शब्द. क्र. २ ग्रामीण, २,७००. क्र. ३ विज्ञानकथा, ३,४००. क्र. ४ मुलांसाठी, १,१००. क्र. ५ गूढकथा, अर्धी.

१५ मार्च : कापाकापी

क्र. १ आता ३,१०० वर आली आहे. दीड हजार शब्द कुठून गेले ते नोंदवून ठेवतो, कारण पहिल्या दहा कथांत ते साधारण याच जागांवरून जातात.

सुरुवातीचे ३०० : पाऊस, खिडकी, चहाचा कप, जाग येणं. कथा खरी सुरू होते ती पत्र हातात पडतं तिथे. मधले जवळजवळ ५०० : नातेवाइकांची ओळखपरेड. मावशी, तिचा दीर, दिराचा फ्लॅट. यातलं जे पुढे कामाला येतं ते संवादात एका ओळीत येऊ शकतं. संवादातले ४०० : ‘‘कसा आहेस?’’, ‘‘बरा आहे,’’ ‘‘आणि घरचे?’’ छापा. आणि शेवटचे ३०० : कथेचा अर्थ सांगणारा परिच्छेद. हा काढताना प्रत्येकाचा हात थरथरतो. तरी काढावा.

लांबीबद्दल लोक विचारतात की चांगल्या कथेला शब्दमर्यादा कशाला. उत्तर छापखान्यात आहे. अंक आठ किंवा सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यांत, छापतात. ऐनवेळी चार पानांच्या जाहिराती आल्या तर पानं वाढवायची म्हणजे अख्खा फर्मा वाढवायचा, कागद वाढवायचा. त्यापेक्षा एक कथा बाहेर काढणं स्वस्त पडतं. बाहेर जाते ती लांब आणि अनोळखी नावाची. अडीच ते साडेतीन हजार शब्दांची कथा कुठेही बसते. नामवंतांची दीर्घकथा आठ हजारांची असते, हे खरं, पण अनुक्रमणिकेत त्यांचं नाव आधीच छापून ठेवलेलं असतं.

वाचनाची पद्धत जुनीच. मोठ्याने, मिनिटाला सुमारे १२० शब्द, म्हणजे ३,००० शब्दांना पंचवीस मिनिटं. ऐकणाऱ्यांच्या हातात प्रत आणि पेन्सिल. लक्ष उडालं तिथे समासात रेघ, बस्स. उपाय सुचवायचा नाही, ‘मी असतो तर’ हे वाक्य बंद. लेखकाने मध्ये खुलासा करायचा नाही. चारपैकी तिघांच्या रेघा एकाच परिच्छेदावर आल्या की वाद संपतो.

क्र. २ मध्ये संवाद वऱ्हाडी आहेत, निवेदन प्रमाण मराठीत. रेघा पडल्या त्या बोलीवर नाहीत, तर निवेदन मध्येच वऱ्हाडीत घसरतं त्या दोन जागांवर. अर्थ देणाऱ्या तळटिपा सहा होत्या, आता शून्य. ‘मायबाई’ कळायला टीप लागत नाही.

५ एप्रिल : कोणती कथा कुठे

इथे घाई नको. ज्या अंकाला पाठवायचं त्याचे मागच्या दोन वर्षांचे अंक सार्वजनिक वाचनालयात बसून चाळायचे. अनुक्रमणिकेत किती नावं अनोळखी आहेत ते मोजायचं. वीसपैकी एकही नसेल तर तो अंक निमंत्रितांचा समजावा.

क्र. ५ पूर्ण झाली तर ‘धनंजय’ किंवा ‘नवल’ या परंपरेतल्या अंकांकडे. रहस्य, गूढ, भय यांना तिथे हक्काची जागा आहे. हीच कथा वैचारिक अंकाकडे पाठवली तर दोष संपादकांचा नाही. क्र. ४ साठी बालभारतीचं ‘किशोर’ डोळ्यांसमोर आहे. १९७१ पासूनचे त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, ही मोठी सोय आहे. त्यातले वीस अंक वाचले की लक्षात येतं, मुलांच्या कथेत उपदेश करणारे आजोबा किती कमी आहेत. ‘साधना’ युवा आणि बालकुमार असे वेगळे दिवाळी अंक काढत आलं आहे. मुलांसाठी किंवा तरुणांसाठी लिहिणाऱ्यांनी ते बघावेत.

क्र. ३ चा विचार वेगळा. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेचं नाव निघालं की जयंत नारळीकरांचा १९७४ चा किस्सा निघतोच. आपल्या नावाचा प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली, आद्याक्षरं उलटी करून, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. किस्सा म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. नवोदितासाठी त्यातली कामाची गोष्ट अशी की जिथे परीक्षकापुढे नाव जात नाही तिथे आपण आणि नामवंत एकाच रेषेवर असतो. म्हणून स्पर्धेच्या नियमांत पहिली शोधायची ओळ ही : ‘नाव व पत्ता स्वतंत्र कागदावर लिहावा.’

कविता लिहिणाऱ्या दोघांसाठी : अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्यासाठी आधी कविता मागवून निवड करतात, तेव्हा संमेलनाच्या आधीचे दोन-तीन महिने वर्तमानपत्रावर नजर ठेवा. मात्र तिथली गर्दी आणि मिळणारी मिनिटं बघता लांब कविता नेऊ नये. एक पान पुरे.

२६ एप्रिल : फाइल

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी चर्चा याची होते.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. बऱ्याच जुळणीकारांकडे अजून श्री-लिपीसारखे जुने फॉन्ट चालतात, ते युनिकोडवरून रूपांतर करून घेतात. मोडतोड होते ती या रूपांतरात. ठरलेल्या जागा तीन. एक, ‘ऱ्य’. हा कुणी वेगळ्या ‘ऱ’ने टाइप करतो, कुणी साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दुसऱ्या पद्धतीतलं ते अदृश्य चिन्ह रूपांतरात किंवा मेसेजमधून चिकटवताना गळतं आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’. दोन्ही शब्द भाषेत आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारं साधनही गप्प बसतं. क्र. २ मध्ये लग्नाचा स्वयंपाक आहे, तिथे आचारी चौदा वेळा येतात. सगळे तपासले. दोन, ‘ॲ’. हा एका अक्षरानेही येतो आणि ‘अ’वर चंद्र ठेवूनही. एका फाइलमध्ये एकच पद्धत ठेवा, ‘शोधा आणि बदला’ वापरून. तीन, अवतरणचिन्हं. सरळ आणि वळणदार यांची सरमिसळ झाली की काही जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी भलतंच अक्षर उमटतं.

वर्डची फाइल आणि पीडीएफ, दोन्ही जोडायच्या. पीडीएफ वाचायला आणि ताडून बघायला, वर्ड जुळणीला. नुसती पीडीएफ पाठवली की जुळणीकार त्यातून मजकूर उचलतो आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर उड्या मारतात. मोबाइलवर टाइप केलेली कथा मेसेजच्या चौकटीत चिकटवून पाठवणं तर नकोच.

प्रसंग बदलताना नुसती रिकामी ओळ सोडू नका. जुळणीत ती नाहीशी होते आणि दवाखान्यातला माणूस पुढच्याच वाक्यात शेतात उभा दिसतो. मध्यभागी तीन फुल्या टाका. परिच्छेदाची सुरुवात स्पेसबार बडवून करू नका. अक्षर १४ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, पृष्ठक्रमांक खाली. फाइलचं नाव ‘नवीन कथा फायनल ३’ असं नको, कथेचं शीर्षक आणि आडनाव हवं. स्पर्धेसाठी मात्र आडनाव काढा आणि फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून संगणकाने आपोआप भरलेलं नावही पुसा. ते बहुतेकांच्या ध्यानीमनी नसतं.

शुद्धलेखन : मराठी साहित्य महामंडळाचे नियम अठराच आहेत (१९६२ चे चौदा, १९७२ ला आणखी चार). एका रविवारी होतात. कट्ट्यावर सर्वाधिक चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या, त्यातही सामान्यरूपाच्या : ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘गरीब’ पण ‘गरिबाला’. बोलीतल्या संवादांना हे नियम लावून त्यांची हवा काढू नये.

१७ मे : नियमावल्या आणि हक्क

अधिक महिना लागला. जावयांना अनारसे, आपल्याला नियमावल्या.

पाच स्पर्धांची पत्रकं वाचली, दोन बाद केली. एकीत प्रवेशशुल्क घेऊन सर्व सहभागींना ई-प्रमाणपत्र आणि ‘प्रातिनिधिक संग्रहात’ जागा, संग्रहाच्या किमान पाच प्रती विकत घेण्याच्या अटीवर. हा धंदा आहे, संधी नव्हे. थोडं शुल्क घेणाऱ्या सगळ्याच स्पर्धा वाईट नसतात. पण बक्षीस, परीक्षक आणि मागच्या वर्षीचा निकाल ही तीनही माहिती उघड नसेल तर पैसे खिशात ठेवावेत. दुसरीत ‘आलेल्या सर्व साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असं होतं. निवड झालेल्या नव्हे, आलेल्या सर्व!

कायदा थोडक्यात. स्वामित्वहक्क लिहिताक्षणी लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तेव्हा संपादकांच्या पत्राला उत्तर देताना एक ओळ घालायची : ‘ही कथा आपल्या २०२६ च्या दिवाळी अंकात एकदा छापण्यास संमती आहे.’ पुढे संग्रह काढताना हीच ओळ उपयोगी पडते.

‘अप्रकाशित’ या शब्दाचा अर्थ कडक धरा. फेसबुक, ब्लॉग, प्रतिलिपी यांवर टाकलेली कथा पुष्कळ संपादकांच्या लेखी छापलेलीच असते. क्र. ५ चा पहिला भाग समाजमाध्यमावर टाकायची टूम निघाली होती, ती रद्द.

ज्यांच्याकडे दहा-बारा कथा जमल्या आहेत त्यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात गाठावी. ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. पुस्तक निघाल्यावर राज्य वाङ्मय पुरस्कारांत ‘प्रथम प्रकाशन’ हा वेगळा गट असतो. कथेला ग. ल. ठोकळ, कवितेला बहिणाबाई चौधरी, कादंबरीला श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा पुरस्कार. वय पस्तिशीच्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार, २०११ पासून, ५० हजार रुपये. आयएसबीएन सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो. त्याचे पैसे वेगळे लावणाऱ्या प्रकाशकाला पुढचे प्रश्न जरा सावकाश विचारा.

१४ जून : रवानगी

सोबतच्या पत्राला सहा ओळी. ‘माननीय संपादक, स. न. वि. वि.’, शीर्षक, शब्दसंख्या, अप्रकाशित असून अन्यत्र पाठवलेली नाही, पत्ता, फोन. कथानकाचा सारांश नाही, ‘आपल्या अमूल्य अभिप्रायाची चातक पक्ष्यासारखी वाट’ नाही.

एक कथा एका वेळी एकाच अंकाला. मासिकांच्या बाबतीत यावर वाद घालता येतो, दिवाळी अंकांत नाही. सगळे अंक एकाच पंधरवड्यात येतात, तीच कथा दोन अंकांत दिसली तर वाचकाआधी दोन संपादकांना कळतं. उत्तराला ४५ दिवस द्यायचे, मग एका ओळीची विचारणा. आणखी पंधरा दिवस शांतता असेल तर ‘कथा परत घेत आहे’ असं कळवून मगच दुसरीकडे. आज निघालेल्या कथेसाठी तो दिवस १३ ऑगस्टला येतो. तोवर मोठ्या अंकांची दारं बंद झालेली असतात, पण महाविद्यालयीन, जिल्ह्याच्या ठिकाणचे आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे काही अंक तेव्हाही साहित्य शोधत असतात.

वहीतली आजची स्थिती :

क्र. १ (३,१००) रवाना, पोच आली. क्र. २ (२,६५०) रवाना, पोच नाही. २९ जुलैला विचारणा. क्र. ३ स्पर्धेसाठी थांबवली, नावाचा कागद वेगळा केला. क्र. ४ (९५०) रवाना, आजोबा काढून. क्र. ५ अजून २,०००वर अडली आहे, खून झालाय पण कुणाला कळलेला नाही. अंतिम वाचन २१ जूनला, पेन्सिली ज्याच्या त्याने आणाव्यात.