कझानीवरचं खोटं माप

नोव्हेंबरात ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या खेड्यांत कझानी, म्हणजे तांब्याच्या भट्ट्या, पेटतात आणि द्राक्षांच्या चोथ्यापासून चिकुदिया ही दारू निघते. गावात तिला राकीच म्हणतात. परवाना ४८ तासांचा मिळतो, त्यामुळे एकामागून एक घाणे लावायची घाई असते. त्या दिवशी आग आणि धार माझ्याकडे होती.

१३० लिटरच्या डेगीत तळाला वेलीच्या काटक्या अंथरायच्या, नाहीतर चोथा तळाशी लागतो आणि करपलेला वास शेवटपर्यंत जात नाही. त्यावर महिना-सव्वा महिना आंबलेला चोथा डेग पाऊण भरेपर्यंत आणि थोडं पाणी. टोप बसवून सांधा कणकेनं लिंपायचा. उकळी येईपर्यंत आच मोठी, धार लागली की लगेच मंद. पहिली धार, प्रोतोराको, वेगळी काढायची. तिला नेलपॉलिशसारखा उग्र वास असतो. ती अंगाला चोळायला ठेवतात. मधली धार प्यायची. सगळ्या जमलेल्या अर्काचं माप ठरलेल्या ग्राडांवर (ग्राडा म्हणजे दारूच्या ताकदीचे अंश) उतरलं की भांडं बाजूला. गोव्यात फेणीचे ‘ग्राव’ मोजतात, तसंच हे. आम्हाला १८ ग्राडा हवे होते, म्हणजे साधारण ४६ टक्के अल्कोहोल.

तिसऱ्या घाण्याला हायड्रोमीटर, म्हणजे अर्कात तरंगत ठेवून ताकद मोजायची काचेची नळी, ४६ दाखवत होता. पण धारेला आंबूस, तेलकट वास येत होता, आणि हा वास न पिण्याजोग्या शेवटच्या धारेचा असतो. भांड्याला हात लावला तर ते कोमट! थर्मामीटर घातला: ३५ अंश.

हायड्रोमीटरचं माप २० अंशांसाठी असतं. अर्क गरम झाला की विरळ होतो, हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि ताकद जास्त दिसते. इतक्या ताकदीला दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के. पंधरा अंशांत सहा टक्के फसवणूक. नमुना थंड पाण्यात निववून पुन्हा मोजला, तर ४०. म्हणजे आम्ही खूप आधी थांबायला हवं होतं.

कारण साधं निघालं. वाफ निववणारी नळी ज्या पिंपातून जाते त्यात गार पाणी तळातून शिरतं आणि गरम वरून सांडतं. तळाच्या तोटीत टाकीतला पाला अडकला होता. लाकडं बाहेर ओढून आग उतरवली, कारण गरम धारेतून वाफही सुटते आणि शेजारी विस्तव असतो. तोटी मोकळी केली आणि नळीचं टोक हाताला गार लागेपर्यंत थांबलो.

११ लिटर हाती होतं. ताकद वाढवायला त्यात प्रोतोराको ओतायचा मोह प्रत्येक भट्टीवर होतो; तो करू नये, वेगळा काढलेला दोषच परत येतो. पुढचा घाणा आम्ही लवकर, ५३ टक्क्यांवर तोडला: ९ लिटर. दोन्ही मिसळले तर ४६ जमतं. आधी पेलाभर मिसळून पाहिलं. हिशेब बरोबर होता, पण पेला नाकाशी नेला की तो आंबूसपणा होताच.

चिकुदिया इथे छोट्या पेल्यातून, पाणी-बर्फ न घालता पितात. सोबत निखाऱ्यातले बटाटे, ऑलिव्ह, डाळिंब. ऊझो या ग्रीक दारूसारखी बडीशेप नाही, त्यामुळे दोष झाकायला जागा नाही. म्हणून नऊ लिटर पिण्यासाठी गेली. अकरा लिटरच्या डब्यावर ‘राकोमेलो’ लिहिलं: मध, दालचिनी, लवंग घालून हिवाळ्यात गरम करण्यासाठी.