समलिंगी म्हणजे आम्ही सगळ्याच

मुलींच्या कबड्डी शिबिरात प्रश्नावलीची चाचणी घ्यायला गेले होते. सगळ्या अठरा पूर्ण झालेल्या. मानसशास्त्रज्ञ हेरेक यांची लेस्बियन आणि गे व्यक्तींविषयीची मनोवृत्ती मोजणारी श्रेणी १९८० च्या दशकातली, अमेरिकेतली. मी ती मराठीत आणून खेळाला जुळवली होती. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत', पाच चौकटी. निम्मी विधानं मुद्दाम उलटी, म्हणजे न वाचता टिक करणारी सापडते. मराठी मसुद्याचं इंग्रजीच्या प्राध्यापकांकडून पुन्हा इंग्रजी करून घेतलं, तेही मूळाशी चोख जुळलं. गाइड खूश.

मुलींच्या कोच सरांना हॉलबाहेर काढायलाच अर्धा तास गेला. "माझ्यासमोर पोरी खोटं बोलत नाहीत." बोलत नाहीत हे खरं. काहीच बोलत नाहीत.

'समलिंगी खेळाडूसोबत एका खोलीत राहायला माझी हरकत नाही.' पहिल्या गठ्ठ्यात एकजात पूर्ण सहमत! मी हरखले. मग एकीने विचारलं, "मॅडम, हा काय प्रश्न झाला? मुलींच्या टीममध्ये सगळ्या समलिंगीच असणार ना? मुलांना कोण राहू देतंय खोलीत?"

प्राध्यापकांना तो शब्द ठाऊक होता, म्हणून तर त्यांना चूक दिसली नाही. आकडेमोडीतही दिसली नसती. सगळ्यांचा गैरसमज एकच असला की उत्तरंही छान एकसारखी येतात.

म्हणून उरलेल्या मुलींना तोंडी सांगितलं, मुलीवर प्रेम करणारी मुलगी.

"द्युती चंदसारखी?" मागून आवाज आला.

हो म्हटलं. १०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम नावावर असताना, २०१९ मध्ये, तिने स्वतः हे जाहीर केलं होतं. पण मी पुढे काही बोलायच्या आत पाच-सहा माना कोपऱ्यात वळल्या आणि लगेच खाली गेल्या. कोपऱ्यात नी-कॅप काढत बसलेली ती सकाळची चढाईपटू. तिच्या बोनस गुणांवर याच पोरींनी हॉल डोक्यावर घेतला होता.

कुणाचंही नाव उघड होणार नाही, असं नैतिकता समितीला मी लेखी दिलंय. नाव कुणी घेतलंच नाही.

तिने फॉर्म सगळ्यात शेवटी दिला. सुलट-उलट प्रत्येक विधानापुढे पूर्ण सहमत. असा फॉर्म बाद करायचा, हा नियम माझाच. तो अजून माझ्या बॅगेत आहे.